साडूचं नाक आणि माझा हाय स्कोअर

२ तारीख, सोमवार
साडूचा सूड घेणार. त्यानेच माझं नाव दारू सोडवायच्या केंद्रात घातलं (रोज घरून जाऊन-येऊन) आणि बायको-मुलीला स्वतःच्या घरी नेलं. बायको म्हणते, महिना नीट काढा, केंद्रातल्या मॅडमनी दारू सुटल्याचं पत्र दिलं की येते. मॅडमनी मोबाइलवर गेम दिलाय. बाटली दिसली की बोटाने ढकलायची, पाण्याचा ग्लास आला की ओढायचा. हात्तिच्या! बावीस वर्षं क्रेन चालवली मी (सध्या सक्तीची रजा, तीही साडूमुळेच). पहिला नंबर काढून त्याच्या नाकावर टिच्चून बायकोला घरी आणणार.

३ तारीख, सकाळी ८
स्कोअर ३१. बोट थरथरतं. काच खराब.

सकाळी ८.४०
२८. मोबाइल साडूनेच दिलेला. मुद्दाम भंगार दिला.

४ तारीख, संध्याकाळी ७.३०
हात स्थिर व्हावा म्हणून एकच छोटा पेग. औषध म्हणून. स्कोअर ८८! यंत्राला तेल लागतंच.

९ तारीख, सोमवार
दोन पेग, ९४. केंद्राच्या बोर्डावर पहिला! दुसरे रिटायर्ड मास्तर. चार महिने थेंब नाही म्हणे. बिच्चारे. साडूला स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं, छान, असंच चालू ठेवा. जळला मेला.

१३ तारीख
९७. बाटली ढकलायला बाटलीच कामी येते, हे शास्त्रज्ञांना अजून कळलेलं नाही.

२६ तारीख, गुरुवार
उद्या सकाळी दहाला मॅडमनी बायकोला आणि साडूला बोलावलंय. सत्कारच! भाषण तयार. नाव न घेता साडूला सोलणार. शर्टाला इस्त्री केली.

२७ तारीख
गेम प्रत्येक डावाची वेळ नोंदवून ठेवतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमनी आलेख दाखवला. सकाळी तीस, सातनंतर नव्वद. रोज. मग मोबाइल पुढे करून म्हणाल्या, आत्ता खेळा.

सगळ्यांदेखत पाण्याचा ग्लास ढकलला, बाटली ओढली. स्कोअर १२. पत्र नाही.

बायकोने विचारलं, रोज घेत होतात? मी म्हटलं, स्कोअरसाठी. ती उठून बाहेर गेली.

साडू तिच्यामागे जाईल असं वाटलं. तो शेजारी येऊन बसला, माझा हात धरला. म्हणाला, माझ्या वडिलांचाही सकाळी असाच थरथरायचा.

शत्रू आहे तो. हात सोडवून घ्यायला हवा होता. अर्धा तास तसाच बसलो.