दोन खुर्च्या पुढे

क्वेंका, १४ मे १९८४

ती. एदेलमिरा मावशीस,
शि.सा.न.वि.वि.

नोंदणी कचेरीतल्या कारकुनाच्या जागेची परीक्षा काल झाली. तू पाठवलेले टायपिंगचे धडे मी तीन महिने गिरवले, हातांवर रुमाल टाकून, न बघता. पण काल जे झालं ते तुला कळवायलाच हवं.

हॉलमध्ये पंचवीस टाइपरायटर मांडले होते. मी कागद चढवला, मान वर केली, तर दोन खुर्च्या पुढे आई! मका आणायला बाजारात जाते म्हणून सकाळी घरातून निघालेली. त्याच कचेरीत एकोणीस वर्षं फरशी पुसणारी माझी आई, चर्चला जायचा निळा ब्लाउज घालून बसली होती. आधी वाटलं, काहीतरी पुसायला बोलावलं असेल. मग घंटा झाली आणि तिची बोटं चालू लागली. मी पहिलं मिनिट नुसती बघत राहिले. पुढे कार्डं वर्णक्रमाने लावायची होती, त्यातही दोनदा चुकले.

घरी आल्यावर तिने सूप वाढलं आणि मीठ पुरेसं आहे का विचारलं. एवढंच. मीही पुरेसं आहे म्हटलं आणि सूप संपवलं. मावशी, तुला हे ठाऊक होतं का? जागा एकच आहे गं.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी नेलिदा

आंबातो, २१ मे १९८४

चि. नेलिदास,
अ.उ.आ.

ठाऊक होतं. रागवायचं तर माझ्यावर रागव. प्रत्येक धडा मी कार्बन घालून टाइप करत होते. एक प्रत तुला, दुसरी तुझ्या आईला, रोसाउराला, कचेरीच्या पत्त्यावर. पहाटे फरश्या पुसून झाल्या की माणसं यायच्या आत ती टाइपरायटरवर बसायची. पहारेकऱ्याला माहीत होतं, तो काही बोलायचा नाही.

जागेची नोटीस भिंतीवर तिनेच चिकटवली होती, म्हणजे वाचलीही तुझ्याआधी. तू अर्ज भरलास तेव्हा तिने मला कळवलं की ती माघार घेते. मीच तिला परीक्षेला बस म्हटलं. खोटं कशाला सांगू, ती पास होईल असं मलाही वाटलं नव्हतं. एकदा बसली की हौस फिटेल, एवढाच माझा हिशोब.

तिची शाळा सहावीत सुटली ती मी शिकावं म्हणून. हे तुला घरात कुणी सांगितलं नसेल. निकाल लागताच कळव.

दोघींवर सारखाच जीव असलेली,
मावशी

क्वेंका, १९ जून १९८४

ती. मावशीस,
शि.सा.न.वि.वि.

आई पहिली आली. मी दुसरी.

जागा घ्यायची की सोडायची, हे कळवायला आठवड्याची मुदत होती. शेजारच्या इल्दाबाईंनी तर माझं अभिनंदनही करून टाकलं. आई सोडणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मीसुद्धा, मावशी. सहा दिवस वाट पाहिली आणि शेवटी मीच विचारलं. ती मक्याची कणसं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही, नेलिदा. तुला पुढे पुष्कळ परीक्षा आहेत. मला ही एकच होती."

तिने मला आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. मी तशीच उठले आणि नदीकाठी जाऊन रागाने रडले. परत आले तेव्हा तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली की शाळा सोडताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी सवयीने तिला सांगितलं, जिन्यात कॉफी सांडलीय. ती उठली नाही. सफाईला नवीन माणूस नेमावा असं पत्र टाइप करून तिने त्यांच्यापुढे सहीला ठेवलं. घरी सांगताना ती हसत होती. मीही हसले, मग राग आठवला आणि भांडी घासायला उठले.

ऑगस्टमध्ये जवळच्या आसोगेस गावच्या कचेरीत जागा निघतेय. संध्याकाळी आई मजकूर वाचते आणि मी टाइप करते. ती फार भरभर वाचते. हळू वाच, असं मी म्हणत नाही.

पत्र पाठवत जा, विसरू नकोस.
तुझी नेलिदा