बावट्याचा रंग

४ फेब्रुवारी

ती. मामांना,

सविनय नमस्कार. पत्र मामीच वाचून दाखवणार, म्हणून मामी, तुलाही नमस्कार. मामांना वाचायची बंदी आहे, तेव्हा उशीखाली चष्मा लपवलेला नाही ना, तेवढं बघत जा.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो. बाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान चालू आहे, म्हणजे ते चालवतात म्हणून चालू आहे. मी तुमच्या प्रदर्शनाच्या कामात बुडाले आहे. ‘कोणता फोटो रंगीत, कोणता काळा-पांढरा, तू ठरव. आता माझे डोळे तूच,’ असं ऑपरेशनला जाताना तुम्ही म्हणालात आणि माझी झोप उडाली. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी मुलगी मी. मला कसलं ठरवायला सांगता?

तरी ठरवते आहे. चांभाराचे हात काळे-पांढरेच ठेवले. रंगात त्याच्यामागचा निळा डबाच आधी डोळ्यांत भरतो. शाळेच्या फाटकातल्या मुली मात्र रंगीत असाव्यात असं वाटतं. प्रत्येकीची रिबीन वेगळी आहे, राखाडी केल्या की सगळ्या एकाच घरच्या दिसतात. रंग बडबड करायला लागला की चेहरा गप्प बसतो, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पण कधीकधी चेहऱ्यालाच काही सांगायचं नसतं, रंगाला असतं. असं असू शकतं ना?

एकाच फोटोपाशी अडले आहे. गोदीतला, क्रेनचा. बाबा खाली उभे, हात वर, हातात क्रेनवाल्याला इशारा द्यायचा बावटा, आणि वर साखळीला लोंबणारी पेटी. पुढच्या क्षणी ती पडली. खालच्या कामगाराचा पाय गेला, आणि बाबांनी लालऐवजी हिरवा बावटा दाखवला असं चौकशीत ठरून त्यांची नोकरी गेली. घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून पत्रातच विचारते. तो फोटो रंगीत काढला होतात का? प्रदर्शनात कसा लावू? उत्तराची घाई नाही. पण आठवून, विचार करून कळवा.

तुमची भाची


२१ फेब्रुवारी

ती. मामांना,

नमस्कार. तुमचं उत्तर मामीच्या अक्षरात पोचलं. ‘रिबिनी राखाडीच राहू देत. क्रेनचा फोटोही काळा-पांढराच लाव. रंगीत असायचा प्रश्नच नाही, त्या दिवशी कॅमेऱ्यात काळी-पांढरी फिल्म होती.’ हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुठे एखादं ‘बहुधा’ सापडतंय का ते शोधलं. नाही सापडलं.

मामी, इथून पुढे थांबू नकोस. मामा ‘पुरे’ म्हणाले तरी वाच.

मामा, मागचं पत्र लिहिलं तेव्हा त्या फोटोची मूळ रंगीत स्लाइड माझ्या टेबलावर होती. तरीही विचारलं. तुम्हाला एकदा विचारल्याशिवाय पुढचं माझ्या हातून झालं नसतं.

क्रेनच्या निगेटिव्हच्या कडेला दुसऱ्या एका फिल्मची कड उमटलेली दिसली. म्हणजे ही निगेटिव्ह फोटोचाच फोटो काढून केलेली. मग मूळ कुठे? ‘एकवेळ माणूस टाकावा, फिल्म टाकू नये,’ हे तुमचंच. दुसरा कोणी असता तर जाळून मोकळा झाला असता. तुम्ही पुठ्ठ्याच्या डब्यात, वर टीपकागद घालून, नीट जपून ठेवलीत.

बावटा लाल आहे.

लगेच विश्वास ठेवला नाही. जुन्या स्लाइडचे रंग उतरतात, कधी सगळंच तांबूस होतं, हेही तुम्हीच शिकवलेलं. म्हणून त्याच चौकटीतले बाकीचे रंग पाहिले. आगीच्या बादल्या लाल. मागचं तेलाचं पिंप हिरवं. आणि बाबांच्या डाव्या हातात, मांडीलगत खाली धरलेला, गुंडाळलेला दुसरा बावटा. तो हिरवा. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही अगदी सारखे राखाडी दिसतात.

आठवतं? मी लहान होते, तुम्ही एक लाल आणि एक हिरवी मिरची शेजारी ठेवून फोटो काढलात आणि विचारलंत, ‘सांग, यातली पिकलेली कोणती?’ दोन्ही एकसारख्या. मी चुकले आणि तुम्ही पोट धरून हसलात. बाबांची नोकरी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी हसले होते तुमच्याबरोबर, याचं मला आत्ता फार वाईट वाटतं.

चौकशीत क्रेनवाला म्हणाला हिरवा होता, बाबा म्हणाले लाल होता, आणि तुमचा फोटो म्हणाला राखाडी होता. तुम्ही त्याच खोलीत खुर्चीवर बसून होतात. नंतर गोदीचं फोटोंचं सगळं काम तुमच्याकडे आलं. मग तुम्ही मला घरी नेलंत, हाताला धरून शिकवलंत. आई जाईल तिथे सांगायची, भाऊ असावा तर असा.

स्लाइड बाबांना दाखवली. त्यांचे हात ग्रीसने काळे होते, म्हणून खिडकीपाशी मीच धरली. बराच वेळ बघत राहिले.

‘लालच आहे ना ग?’

‘लालच आहे, बाबा.’

‘मला हल्ली वाटायला लागलं होतं, हिरवाच दाखवला असेन.’

एवढं बोलून ते पंक्चर काढायला गेले. नोकरी गेली, ते मी एकवेळ गिळलं असतं, मामा. हे गिळता येत नाही.

आईला सांगायची भीती वाटत होती. काही झालं तरी तुम्ही तिचे भाऊ. तिने कुकरखालचा गॅस बारीक केला, हात पुसले, स्लाइड बघितली आणि विचारलं, ‘केवढा छापणार आहेस?’

‘भिंतीएवढा.’

‘मग ठीक आहे.’

तर तुमचं म्हणणं मी ऐकलं आहे. रिबिनी राखाडी केल्या. सगळं प्रदर्शन काळं-पांढरं आहे, एक फोटो सोडून. तो दार उघडलं की समोरच दिसतो. खाली तुमचं नाव आणि ‘मूळ रंगीत स्लाइडवरून’ एवढंच. माझा शब्द एकही नाही. लाल रंग मी तसूभरही वाढवलेला नाही. पहिल्या प्रिंटमध्ये तो जरा जास्त वाटला, म्हणून ती प्रिंट फाडली आणि दुसरी काढली. मूळ स्लाइड शेजारी काचेखाली ठेवली आहे, वर भिंग. कोणाला शंका नको.

गोदीचे साहेब उद्घाटनाला येत आहेत, ते तुम्हीच ठरवलं होतंत. पाय गेला त्या कामगारकाकांना मी स्वतः जाऊन बोलावलं. बाबा समोरून येताना दिसले की ते कुबडी टेकत रस्त्याच्या पलीकडे जातात. ‘मला बये, फोटोतलं काय कळतंय?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘बावटा कोणता आहे तेवढंच बघा.’ येतो म्हणाले.

मला भीती वाटते आहे. अक्षर बघून मामीच्या ते लक्षात आलंच असेल. याला न्याय म्हणावं, बाबांसाठी केलं म्हणावं, असं मनात येऊन गेलं. पण मी सूड घेते आहे, आणि तो घेताना मला बरं वाटतं आहे. तुम्हाला खोटं लिहायचं नाही, म्हणून हेही लिहिते.

प्रदर्शन तुमचं आहे. एक फोन केलात तर गॅलरीवाले फोटो उतरवतील. फक्त का उतरवायचा, ते त्यांना तुम्हाला सांगावं लागेल. नाहीतर या, आणि साहेब विचारतील त्याचं उत्तर सगळ्यांसमोर द्या. बाबांना त्या भिंतीसमोरची खुर्ची दिली आहे. ते लवकर येऊन बसणार आहेत.

तुम्ही शिकवलेलं काहीही न विसरलेली,
तुमची भाची