रविवारचा फोन

५ ऑक्टोबर, रविवार

काय बोलून बसली मी! तोंड आहे का कात्री!

अश्वजितचा फोन आला होता. तिकडं ओडिशात, चिल्काले नेव्हीच्या ट्रेनिंगले गेल्यापासून फोन फक्त रविवारी. तेवढ्याच दिवशी पोरायच्या हातात मोबाईल देतात म्हणे. मी मशीनवर होती, ब्लाऊज तसाच सुईखाली सोडून धावली. आवाज पार खाली गेलेला त्याचा. म्हणे, "मम्मी, मी घरी आलो तर चालन का?" मले वाटलं सुट्टीचं विचारते. म्हणे, "कायमचाच. कान लय दुखते, अन्—"

पुढचं मी बोलूच दिलं नाही. म्हणलं, कान दुखते तर गरम तेल टाक! बाकीचे पोरं काय लोखंडाचे आहेत? चौकात तुया फ्लेक्स लागून आहे, साऱ्या गावानं गुलाल उधळला, आता कोणत्या तोंडानं येशीन?

त्याच्या मागं मोठा भोंगा वाजला. जहाज असन. "बरं मम्मी," म्हणे, अन् ठेवला.

"अन्" च्या पुढं काय होतं ते विचारलं बी नाही मी.

६ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर शिलाईत मन नाही. एक बाही उलटी जोडली.

तो फ्लेक्स माझाच हट्ट. हे — अश्वजितचे पप्पा — तवाच म्हणत होते, "ट्रेनिंग तर होऊ दे पुरी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" मी ऐकते का! आमच्या वस्तीतला पहिला पोरगा नेव्हीत चालला, अन् मी गप्प बसू? दरवाज्याएवढा नाही, भिंतीएवढा केला. वर तथागत अन् बाबासाहेब, मधात अश्वजित, खाली शुभेच्छुकायची लाईन. ज्यायनं कधी पोराले पुस्तक दिलं नाही ते सारे दात काढून उभे.

अन् ड्रेस तर फोटोवाल्यानं कोण्या मोठ्या साहेबाचा लावला. मी टेलर आहे, मले पहिल्याच दिवशी दिसलं — कॉलर दुसऱ्याच माणसाच्या मापाची, अश्वजितची मान त्यात तरंगून राह्यली. सासूबाई तर फ्लेक्सखाली उभ्या राहून विचारत होत्या, "हा कोणाचा बाप्या वं?" सारे हसले. मी बी हसली. आता नाही हसू येत.

कान. लहानपणी त्याचा डावा कान वाहायचा. मीच तेल टाकायची.

१२ ऑक्टोबर, रविवार

फोन आला! एकदम शांत. "मस्त आहे मम्मी. परेड होते. जेवण चांगलं आहे." कानाचं विचारलं तर म्हणे, "काय? काय म्हणलीस?" दोनदा विचारलं, मंग म्हणे बरा आहे. रेंज नसन तिकडं.

याले म्हणतात पोरगा! मी कडक बोलली म्हणून सुधारला. यायले म्हणलं, पाह्यलं? तुमी असते तर "ये बाळा" म्हणून बोलावून घेतलं असतं. हे सोयाबीनचं पोतं उचलून निघून गेले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

"मस्त आहे" म्हणते. पण मस्त असलेलं माणूस असं बोलते का?

१९ ऑक्टोबर, रविवार

आज बी तेच. परेड, जेवण, मस्त. शब्द बी तेच, जसं काही पाठ करून ठेवलं. मागं कोणीतरी ओरडलं, "मामा, तर्री टाका!" मी म्हणलं, काय रे, तिथं बी तर्री भेटते? म्हणे, "आपल्याकडचे लय पोरं आहेत मम्मी." चला, बरं झालं, बोलायले माणसं तरी आहेत.

मले विचारलं, "फ्लेक्स आहे अजून?" म्हणलं आहे ना! वाऱ्यानं एक कोपरा सुटला होता, पप्पायनं नवी सुतळी बांधली. म्हणे, "हं."

त्या "हं" नं मले भाकर गेली नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

पानठेल्यावाला नवीन आला होता पॅन्ट कमी कराले. बसथांब्यावर ठेला आहे त्याचा. लय वर्षं झाले, फौजेची ट्रेनिंग सोडून परत आला होता. गाव त्याले अजून "रिटर्न" म्हणते. लेकरंबाळं झाले त्याले, तरी "रिटर्न, एक खर्रा दे." मी बी म्हणत होती. खोटं कायले लिहू?

"जयभीम काकू. अश्वजित काय म्हणते?"

"मस्त आहे म्हणते."

पॅन्टची घडी घालत राह्यला, उलगडत राह्यला. मंग म्हणे, "मी बी मायले तेच सांगत होतो. लेकरू रडून सांगते तवर भेव नाही काकू. मस्त आहे म्हणायले लागलं, की समजायचं यानं सांगणं सोडलं."

मले राग आला. म्हणलं, तुया अन् त्याचा काय संबंध? तरी तो उठला नाही. म्हणे, "गावानं लय नावं ठेवली, त्याचं काही नाही. पण परत आलो त्या दिवशी मायनं ताट वाढलं. चांगलं वाढलं, वरून तूप बी दिलं. पण माझ्याकडं पाह्यलं नाही. ते ताट नाही विसरत मी."

पॅन्टचे पैसे घेतले नाहीत. तो नको नको म्हणत होता. मले त्याच्याकडं पाहणंच जमत नव्हतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसली. ठरवलं होतं, आज सांगायचंच. फोन लागल्या लागल्या म्हणलं, अश्वजित, तुले नसन जमत तर ये बाळा, मी काही म्हणणार नाही.

"काय? काय म्हणलीस?"

पुन्हा म्हणलं. जोरानं म्हणलं. मागं भांड्यायचा खणखणाट. "ऐकू नाही येऊन राह्यलं मम्मी, ठेवतो." कटला. नंतर लावला तर उचलत नाही.

त्या दिवशी ऐकू नये ते ऐकलं लेकरानं. आज ऐकायचं होतं तर रेंज नाही! बसून रडली. सासूबाई म्हणे, "रडतं काहून? जे बांधलं ते सोड." फोनचं म्हणत होत्या का फ्लेक्सचं, कोण जाणे. त्यायच्या वयाले काही बी म्हणतात.

पण माझ्या डोक्यात बसलं ते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काढला!

दिवस निघायच्या आत जायचं ठरवलं होतं, पण मंग वाटलं चोरासारखं कायले? लावला होता बँड वाजवून, काढीन बी उजेडात. चांगली साडी नेसली अन् शिडी घेऊन गेली. हे मागं मागं. "लोक म्हणतीन पोरगं पळून आलं."

"म्हणू द्या. लोकायचं तोंड शिवता आलं असतं तर मीच शिवलं असतं, मशीन घरचीच आहे."

हसू आलं त्यायले. मंग स्वतःच चढले शिडीवर अन् सुतळ्या कापल्या. खाली चार जणं जमलेच. "काय झालं वहिनी? काय झालं?" म्हणलं, काही नाही, सोयाबीनवर झाकाले ताडपत्री पाह्यजे, आभाळ आलं आहे. शुभेच्छुकायमधले एक म्हणे, "माझा फोटो आहे त्याच्यावर!" म्हणलं, तुमचा कापून देऊ का घरी न्यायले? चौकातल्या बबलूनं मोबाईलवर शूटिंग घेतली अन् लगेच स्टेटसले टाकली. खाली लिहिलं, "अश्वजित भाऊचं काय झालं असन?" अन् हसणारे तोंडं. त्याच्या सात पिढ्या काढल्या मी तिथंच.

घरी आणून वरची पट्टी कात्रीनं सरळ कापून घेतली. तथागत अन् बाबासाहेब भिंतीवर लावले, ते काही ढिगावर टाकाचे नाहीत. बाकीचा सोयाबीनवर. अश्वजितच्या तोंडावर कात्री नाही चालली. तोंड आतल्या बाजूले केलं, पाणी लागू नये म्हणून.

येत्या रविवारी मोबाईल हातात आला की पाहीनच तो बबलूचं स्टेटस. पाहू दे. चौकात आता काही नाही अन् घराचं दार उघडं आहे, इतकं समजलं तरी पुरे. रविवार लय दूर वाटून राह्यला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळीच अश्वजितचा फोन. "मम्मी, फ्लेक्स काहून काढला?"

म्हणलं, तू कवाही येऊ शकला पाह्यजे म्हणून. जिंकून ये, हरून ये. रडला. मी बी रडली. मंग एकदम ध्यानात आलं.

"अश्वजित, आज तर बुधवार आहे. मोबाईल कोणी दिला तुले?"

मागं कोणीतरी ओरडलं, "दोन मिसळ, एक पार्सल!"

अकोल्यात आहे तो. स्टँडसमोरच्या हॉटेलात कपबश्या धुते. डाव्या कानानं ऐकू येणं बंद झालं, म्हणून अनफिट करून घरी पाठवलं होतं त्याले. पाच तारखेचा तो फोन अकोल्याच्या रेल्वे स्टेशनवरून होता. घरीच याले निघाला होता. माझं ऐकून अकोल्याच्या पुढं आला नाही.

अकोला. दोन तास बी लागत नाहीत.

यायनं भाड्याची जीप सांगितली. मी बी चालली. येताना त्याच्या उजव्या बाजूले बसीन, तिकूनच ऐकू येते त्याले.