डाव्या पंखाचे राहिलेले टाके

मी, या कागदाच्या तळाशी जिची सही आहे ती, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, तेही विमानांचं, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणाची भीड न धरता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. मी शुद्धीवर आहे की नाही हे बघायला डॉक्टरीणबाईंनी मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. मी म्हणून दाखवले. मग त्यांना म्हणायला सांगितलं, तर त्या बुधवारला अडखळल्या. तरी सर्टिफिकेट त्यांनीच मला दिलं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून रद्द करण्यासारखंही काही नाही.

मला एकच डोळा आहे, उजवा. ओळी तिरक्या गेल्या असतील तर त्यावरून कोणी कोर्टात भांडू नये.

कलम एक. घर. बंद पडलेल्या विमानतळाच्या कुंपणालगतच्या माझ्या दोन खोल्या आणि मागचं अंगण पुतण्याला द्यावं. पुतण्या वाईट नाही, उतावळा आहे. मी दवाखान्यात असताना तो भंगारवाल्याला घेऊन आला होता. माझं विमान किती भरेल ते बघायला! शेजारच्या कुलूपवाल्याने दोघांना हाकललं म्हणून वाचलं. तेव्हा अंगणातली पत्र्याची शेड आणि तिच्यात जे उभं आहे ते या कलमात येत नाही. बाळा, हे वाक्य दोनदा वाच.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून आधी माझे अंत्यविधी उरकावेत, साधेच. उरेल ते पुतण्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी तिच्या नावावर ठेवावं. तिच्या बापाला ते काढता येऊ नये अशी तजवीज मॅनेजरसाहेबांशी बोलून केली आहे.

कलम तीन. माझं शिवणयंत्र वहिनींना द्यावं. ते त्यांनी अनेकदा मागितलं आणि मी दिलं नाही, कारण आई गेली त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, त्या म्हणाल्या होत्या, "एका डोळ्याच्या बाईला यंत्र काय करायचंय?" या यंत्रावर मी त्यानंतर तुमच्या नातीचे सगळे कपडे शिवले, वहिनी. आता घेऊन जा. तेल वेळेवर घाला.

कलम चार. विमान.

हे जरा सविस्तर लिहावं लागेल. ज्यांना घाई असेल त्यांनी जेवून यावं.

आमच्या कारखान्यात जुनी विमानं दुरुस्तीला येत. दोन मजली पंखांची, आत लाकडाचा सांगाडा आणि वरून कापड. ते कापड सांगाड्याच्या प्रत्येक फासळीला शिवावं लागतं, नाहीतर वर गेल्यावर वाऱ्याने फुगून फाटतं. पंख घोडीवर, म्हणजे लाकडी टेकूवर, भिंतीसारखा उभा करायचा. एक बाई अलीकडे, एक पलीकडे. मध्ये कापड, एकमेकींचं तोंड दिसत नाही. अलीकडची वीतभर लांबीची सुई टोचते, पलीकडची ती ओढून घेते आणि फासळीच्या दुसऱ्या अंगाने परत पाठवते. सुई टोचण्याआधी बोटाने कापडावर दोनदा टकटक करायची, म्हणजे समोरची हात आणि तोंड बाजूला घेते. हा आमच्या कामाचा पहिला नियम. मालक नव्या मुलींना नाव विचारायच्या आधी हा नियम सांगत.

मी आणि माझी धाकटी बहीण, आम्ही जोडीने शिवायचो. दिवसभर कापडाआडून गप्पा. आईच्या नकला, शेजारच्या भानगडी, मला बघायला येऊन गेलेल्या मुलाचे कान. धाकटीला हसू आवरायचं नाही. ती हसली की पंख हलायचा आणि मालक ओरडायचे, "अहो बाई, ते उडायचंय अजून!"

हे विमान आलं तेव्हाच जुनं होतं. त्याच्या धन्याने ते दुरुस्तीला टाकलं आणि नंतर तो फिरकलाच नाही. धाकटीने त्याचं नाव ठेवलं आत्याबाई. पाहुणी म्हणून आली आणि हलायचं नाव घेईना, म्हणून. उजवे पंख झाले, डावा खालचाही झाला. डाव्या वरच्या पंखाचं काम अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा सुई पलीकडून आली आणि माझ्या डाव्या डोळ्यात गेली.

दुखलं किती ते आता आठवत नाही. धाकटीचं ओरडणं आठवतं. ती पंखाला वळसा घालून माझ्याकडे आली नाही. तिथेच, पलीकडे उभी राहून ओरडत होती, "मी टकटक केली नाही, ताई, मी केलीच नाही!"

एवढंच वाक्य दादाने, म्हणजे आमच्या भावाने, उचललं आणि घरभर, गल्लीभर केलं. पोरीने हसण्याच्या नादात बहिणीचा डोळा घालवला. जेवताना तेच, झोपताना तेच. दादा आता नाही आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मीही आता गेलेलीच समजा, तेव्हा बोलते. दादा, तू फार वाईट वागलास. माझा एक डोळा गेला होता. तू माझी बहीणही घालवलीस.

धाकटी दुसऱ्या शहरात निघून गेली. तिकडेच नोकरी, तिकडेच लग्न. मी पत्रं पाठवली, ती न उघडताच परत आली. आई गेली तेव्हा तेवढी आली आणि दारात पाठ करून उभी राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "ताई, माझ्याकडे बघू नकोस गं."

माझी जीभ मेली नेहमीची वाकडी. मी म्हटलं, "अगं, बघितलं तरी मला तू निम्मीच दिसणार आहेस!"

मला तिला हसवायचं होतं. ती चपला न घालताच निघून गेली. त्या चपला अजून माझ्या कपाटात आहेत. त्याही कलम सहामध्ये धराव्यात.

विमानतळ बंद झाला, मागोमाग कारखाना. मालकांनी आत्याबाई मला लेखी देऊन टाकली. कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहे. तेव्हापासून तिला बघायला माणसं येतात. गळ्यात कॅमेरे, पाठीवर पिशव्या, लांबलांबून. मी त्यांना विमानवेडे म्हणते, त्यांना ते आवडतं. तिच्या शेपटीवरचा नंबर त्यांना तोंडपाठ असतो. मोठेमोठे बाप्ये तिच्या चाकाला हात लावून डोळे पुसतात. सगळे शेवटी एकच विचारतात: डावा वरचा पंख अजून घोडीवर का? आम्ही पुरा करून देतो ना!

मी करू दिला नाही. कापड कुजतं, म्हणून मी ते दोनदा बदललं, आणि दोन्ही वेळा टाके तिथवरच घातले जिथवर त्या दिवशी झाले होते. एकटीने. अलीकडून सुई टोचायची, पंखाला वळसा घालून पलीकडे जायचं, ती ओढायची, परत टोचायची, परत वळसा. लोक म्हणत, बाई वेडी आहे. बरोबरच आहे. आणि हो, टकटकही करत होते. समोर कोणी नसतानासुद्धा.

कलम पाच. आत्याबाईची देखभाल घड्याळदुरुस्तीवाल्याकडे द्यावी. विमानवेड्यांतला हा सगळ्यात शहाणा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने पंखाबद्दल काही विचारलं नाही. घोडीच्या दोन्ही बाजूंची दोन स्टुलं बघितली आणि म्हणाला, "दुसऱ्या बाई कुठे असतात?" तेवढ्यावर मी त्याला चहा दिला. त्याने शेडची किल्ली घ्यावी, विमानवेड्यांना येऊ द्यावं, भंगारवाल्याला येऊ देऊ नये. पंख मात्र पुरा करू नये. तो माझा नाही आणि त्याचाही नाही.

कलम सहा. डावा वरचा पंख, वीतभर लांबीची सुई, मेणाचा गोळा, उरलेला दोरा, दोन स्टुलं आणि चपला माझ्या धाकट्या बहिणीला द्याव्यात. हे कलम तिला टपालाने पाठवू नये, परत येईल. घड्याळवाल्याने स्वतः जाऊन, तिच्यासमोर उभं राहून वाचून दाखवावं. पुढचं विशेष करून:

मी पूर्ण शुद्धीवर, दोन साक्षीदारांसमक्ष, लिहून देते की त्या दिवशी माझ्या बहिणीने सुई टोचण्याआधी दोनदा टकटक केली होती. ती मी ऐकली होती. याविरुद्ध कोणीही, दादाने, गल्लीने किंवा खुद्द बहिणीने, आजवर जे म्हटलं असेल ते या कागदाने रद्द समजावं.

डॉक्टरीणबाईंनी इथे मला थांबवलं. "तुम्हाला खरंच आठवतंय का, आजी?"

मी म्हटलं, "मृत्युपत्र माझं आहे की तुमचं?"

धाकटे, हे मी जिवंतपणी सांगायला हवं होतं, पण तू ऐकायला थांबत नव्हतीस. आता मी कुठे जात नाही आणि तुझ्याकडे बघतही नाही. तेव्हा ये. तुझ्या स्टुलावर बस. दोरा मेणातून ओढ, टकटक कर आणि सुई टोच. पलीकडून ओढायला कोणी नसेल. थोडा वेळ वाट बघशील, मला माहीत आहे. मग ऊठ, आणि त्या दिवशी आली नव्हतीस, ती आता पंखाला वळसा घालून माझ्या बाजूला ये.

लिहून देणार: धाकटीची ताई (सही)

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही. कलम सहा त्यांना पटलेलं नाही, तरी केली.)
२. शेजारचा कुलूपवाला (सही)

ठिकाण: शेड, पंखाची अलीकडची बाजू
दिनांक: आजचाच, वार बुधवार, डॉक्टरीणबाईंना विचारून लिहिला