चहा ओतला की विमान

२९ एप्रिल, सोमवार
आजपासून शिस्त. पहाटे उठायचं, उजाडता डोंगरावर, दुपारी घरी. एकच फोटो हवा. हवाई दलाचं सरावाचं विमान दरीतून आपल्या पायांखालून जाताना कॉकपिट स्वच्छ आणि पायलटचं तोंड माझ्याकडे. तो मिळाला की कॅमेरा कपाटात, कायमचा. बायकोला, नेस्टाला, फोनवर तसं सांगितलं. म्हणाली, हे तू मागच्या ईस्टरलाही म्हणाला होतास. मागच्या ईस्टरला माझ्याकडे ही लेन्स नव्हती, हे ती लक्षातच घेत नाही.

नेस्टा सध्या समुद्रकाठी टविन गावाला, बहिणीकडे. ऑल्वेनचा गुडघा दुखतो म्हणे. जाताना लाल कोट नेला. मीच घेऊन दिला होता, डोंगरावर धुक्यात चटकन दिसावी म्हणून. माझ्याबरोबर ती एकदाच वर आली. वेल्शकेक भाजायचा बिडाचा तवाही नेला. गुडघ्याला तवा कशाला लागतो, कळलं नाही.

२ मे, गुरुवार
वर ट्रेफॉर आणि कीथ आधीच हजर. ट्रेफॉर आमच्याच कॉरिसचा, रिटायर्ड पोस्टमन, पायलटांचं बोलणं ऐकायला कानाला रेडिओ लावून बसतो. कीथ बर्मिंगहॅमहून येतो आणि आपल्या व्हॅनमध्येच झोपतो. सकाळभर शुकशुकाट. थंडीने बोटं वाकेनात म्हणून फ्लास्क उघडून चहा ओतला. दोन टायफून विमानं! कप खाली ठेवेपर्यंत पार पलीकडच्या दरीत.

माझा फोटो : ढग. ढग मात्र छान आला आहे.

कीथला पायलटने हात केलेला फोटो मिळाला. तो त्याने मला तीनदा दाखवला. कोन नीट पाहिला तर तो हात माझ्यासाठीही असू शकतो.

६ मे, सोमवार
डोंगरावर चिटपाखरू नाही. म्हटलं, गर्दी हटली, आज आपला दिवस. दुपारपर्यंत बसलो. मग आठवलं, बँक हॉलिडे. हवाई दलालाही सुट्टी. अर्थात मला ते माहीत होतंच. उजेडाचा अभ्यास करायला गेलो होतो.

खाली उतरल्यावर नेस्टाचा फोन. सुट्टी म्हणून मी टविनला जेवायला येणार होतो म्हणे, तिने काउल, म्हणजे मटणाचं दाट सूप, करून ठेवलं होतं. मी म्हटलं, निघालोच होतो. ती म्हणाली, आली का रे विमानं? इतक्या हळू आवाजात विचारलं. तिला आता या विषयात रस वाटू लागलाय. चांगलं लक्षण आहे.

९ मे, गुरुवार
आज ट्रेफॉर आणि कीथची बराच वेळ कुजबुज चालली होती. मग ट्रेफॉर म्हणाला, इदवाल, बाबा, त्या दगडी भिंतीमागे जाऊन येतोस का जरा? मी म्हटलं, मला लागलेली नाही. तो म्हणाला, लागली नसली तरी जा ना रे, तुझं काय जातंय! गेलो. भिंतीमागे पोचतो न पोचतो तोच डोंगर हादरला. एफ-पंधरा, दोन. परत आलो तर दोघांनी माझी पाठ थोपटली. कीथने आपल्या बारा ब्रिथची, मनुकांच्या केकची, जाड फोड मला दिली.

नंतर ट्रेफॉर म्हणाला, आता चहा ओत. ओतला. हॉक आलं! त्याचं म्हणणं, मी चहा ओतला की विमान येतं, ही गोष्ट त्याला हिवाळ्यापासूनच माहीत आहे. शास्त्रीय आधार शून्य. तरी प्रयोग म्हणून एका हातात फ्लास्क आणि दुसऱ्या हातात कॅमेरा धरला. विमान आलं. हात भाजला.

फोटो : माझा डावा बूट.

डोंगरावर माझ्यावाचून यांचं पान हलत नाही, एवढं मात्र सिद्ध झालं.

१३ मे, सोमवार
पाऊस. नेस्टाचा फोन. टविनला समुद्राजवळ तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. गुरुवारी अकराला बघायचा आणि तिथेच हो की नाही सांगायचं. म्हणाली, तू आलास तर दोघांसाठी घेऊ. नाही आलास तर मी एकटीसाठी घेईन. मी म्हटलं, चिडू नकोस. ती म्हणाली, चिडले नाही रे, दमले. चाळिसाव्या वाढदिवसाला आपल्या लग्नाच्या, हॉटेलात मी आणि वेटर दोघंच होतो, आठवतं? मी तिला आठवण करून दिली की त्या दिवशी ढग फार उंच होते.

एकटी दोन खोल्या घेऊन काय करणार? उघड आहे, एक खोली माझ्या कॅमेऱ्याच्या सामानासाठी.

फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होतो. तव्याची जागा रिकामी आहे. तिथे फ्लास्क ठेवून पाहिला. बरा दिसला नाही.

१५ मे, बुधवार
उद्या मोठा सराव आहे, असं कीथला कळलंय. उद्याच! म्हणजे फोटो सकाळी आणि फ्लॅट अकराला. दोन्ही जमतं. दहाला डोंगर सोडायचा, बस. ट्रेफॉरला बेत सांगितला तर खेकसला : अरे गाढवा, उद्या वर फिरकू नकोस. बायको वाट बघत्येय तिथे जा. विमानं काय, परवाही येतील. पोस्टमन माणूस, त्याला नियोजन काय कळणार! मी उभी हयात लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. मागून काय येतंय ते न बघणाऱ्या शेकडो लोकांना नापास केलंय. वेळ आणि रस्ता मला कुणी शिकवू नये.

शर्टाला इस्त्री केली. टायही काढून ठेवला.

१६ मे, गुरुवार, डोंगरावर
टाय घालूनच आलोय. ऊन स्वच्छ. अजून काही नाही.

दहा. अजून पाचच मिनिटं.

साडेदहा. आवाज आला म्हणून थांबलो. वारा होता.

अकरा. आता निघालो तरी उशीरच होणार. म्हणजे घाई करण्याचं कारणच संपलं. फोनला रेंज नाही, त्यात माझा काय दोष!

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिहायचं नव्हतं. लिहितो.

नेस्टा वर आली. खाली रस्त्यावर ऑल्वेनची गाडी उभी, ऑल्वेन स्वतः चालवत आलेली. गुडघा बरा झाला असावा. लाल कोट चढ चढताना बराच वेळ दिसत होता. ट्रेफॉर आणि कीथ उगाच लेन्स पुसत बसले.

मला वाटलं आता बोलणार. ती माझ्या शेजारी खडकावर टेकली, धाप लागली होती तिला. माझा टाय सरळ केला. पिशवीतून फ्लास्क काढला, दोन कप काढले. म्हणाली, काही सांगू नकोस इदवाल. नुसता चहा पिऊ आणि खाली जाऊ. तो फ्लॅटवाला बाबा दोनपर्यंत किल्ली घेऊन थांबणार आहे.

मी हो म्हणणार होतो. देवाशप्पथ, तोंड उघडलं होतं.

तिने चहा ओतला. तो ओतल्याबरोबर ट्रेफॉर आणि कीथ कॅमेरे घेऊन ताडकन उभे राहिले. सवय. मीही राहिलो. एकच मिनिट, म्हटलं, आणि डोळा लावला. काही येईना. दरी रिकामी. मिनिट झालं, अजून झालं. मागून नेस्टा म्हणाली, येते.

मला ऐकू आलं, येतंय. मी विचारलं, कुठल्या बाजूने?

मी डोळा काढला नाही. मग ते आलं. एकटं टायफून, अगदी खालून, या वेळी मागून नाही, समोरून. मी बोट दाबून धरलं ते सोडलंच नाही. मिळालं! मिळालं, म्हणून ओरडत वळलो तर खडकावर दोन कप. एक तिचा, रिकामा. एक माझा, भरलेला. ट्रेफॉर म्हणाला, दोनदा हाक मारली रे मी तुला.

१७ मे, शुक्रवार
सकाळी फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले. विमान सगळ्यांत आहे, पण धूसर, करडा पट्टा नुसता. फोकस त्याच्या मागे गेलाय, खालच्या पायवाटेवर. तिथे लाल कोट. पाठमोरी. पिशवीतून वर आलेलं फ्लास्कचं झाकण दिसतं, मानेवर सुटलेली बट दिसते, उतारावर आधाराला धरलेला हात दिसतो. इतका स्वच्छ फोटो मी जन्मात काढला नव्हता. नेस्टाचा तर काढलाच नव्हता. बघवेना. तरी बघत बसलो.

मग टविनला फोन लावला. ऑल्वेनने उचलला. नेस्टा किल्ली आणायला गेली आहे म्हणाली. मी विचारलं, गुडघा कसा आहे आता?

ऑल्वेन म्हणाली, कुठला गुडघा?

दुपारी चहा ओतला. खिडकीशी उभा राहिलो. कोणी आलं नाही.