शेजारच्या सीटवरचे वीस तास

४ मार्च

डॉक्टर म्हणाले, "बसतंय. अगदी काठावर, पण बसतंय." माझ्या डोळ्यांबद्दल 'बसतंय' म्हणणारा हा जगातला पहिला माणूस!

मला पंधराव्या वर्षापासून नजरेच्या मधोमध डाग. जिकडे सरळ बघावं तिथलंच गायब. माणसाचं नाक बघायचं तर कानाकडे बघावं लागतं. आता चष्म्याच्या वरच्या कडेला पेनाच्या टोपणाएवढी दुर्बीण बसवून देतात. ती लावून गाडीचा परवाना मिळू शकतो, असा नवा नियम आहे म्हणे. साध्या भिंगातून तक्त्याची तिसरी ओळ, दुर्बिणीतून सातवी. मी सातवी वाचली. शेवटचं अक्षर अंदाजानं ठोकलं, ते बरोबर निघालं.

६ मार्च

फॉर्म वाचला. हातभिंगानं, दोन तास लागले. मास्तरांबरोबर दहा तास. घरच्या परवानाधारक माणसाला शेजारी बसवून वीस तास – "ज्याची नजर उमेदवाराच्या चुका टिपू शकेल असा" – आणि प्रत्येक तासाची वहीत सही. मग परीक्षा. एवढं करून पास झालं तरी फक्त दिवसाउजेडी चालवायची, हमरस्त्यावर जायचं नाही, दर वर्षी डोळे दाखवून नवा कागद आणायचा.

घरच्या माणसाला! घरात माणूस कुठे आहे? हे गेले त्याला सोळा महिने झाले.

९ मार्च

गुडघेवाल्या आजोबांनी दुसरी बाई लावली. फोन मुलीनं केला. "तुमचा हात छान आहे हो, पण तुमची वेळ नक्की नसते." खरंच आहे ते. बस येते तेव्हा माझी वेळ. घरोघरी जाऊन लोकांचे सांधे हलवणं हे माझं काम, आणि मी स्वतःच हलू शकत नाही. सोळा वर्षं हे सोडायचे, बाहेर गाडीत डुलकी काढायचे, न्यायचे. मला कधी वाटलंच नाही की माझं अर्धं काम हे करत होते.

आता खांदावाल्या काकू आणि दोन कंबरा उरल्या. या वर्षात काही झालं नाही तर दुकान बंद.

१० मार्च

दादाला फोन केला. म्हणाला, "वेड लागलंय का तुला, चिंगे?" सेहेचाळिसाव्या वर्षी चिंगी! मी म्हटलं, वेड लागलंय, शेजारी बसशील का? म्हणाला, बघू.

१४ मार्च

आज दिवसभर कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी एक राँग नंबर आला. मी "कोण हवंय?" इतक्या प्रेमानं विचारलं की तो घाबरला असणार. ठेवून दिला.

२ एप्रिल

दुर्बीण आली. घरी येऊन आधी भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे बघितलं, खोलीच्या या टोकावरून. डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. मला माहीत नव्हता. इतकी वर्षं शेजारी झोपला माणूस, आणि मला माहीत नव्हता!

खूप रडले. चष्मा काढून ठेवला, महागाचा आहे.

११ एप्रिल

मास्तर म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. बोलतात कमी, घसा साफ करतात जास्त. त्यांनी दुर्बीणवाल्या चौघांना शिकवलंय. म्हणाले, "बाई, गाडी साध्या भिंगातूनच चालवायची. दुर्बीण मिठासारखी, चिमटीनं वापरायची. मान जरा खाली, पाटी वाचली, मान वर. एक सेकंद. तिच्यात रमलात की संपलात." कारण दुर्बिणीत लांबचं जवळ येतं खरं, पण भोवतीचं सगळं कडं नाहीसं होतं. तिथून एखादी सायकल घुसली तर ती मला आपटल्यावरच कळणार.

गृहपाठ दिला: रोज अर्धा तास खिडकीत बसायचं, लांबची एक एक गोष्ट दुर्बिणीत पकडायची, सोडायची. पकड, सोड. समोरच्या इमारतीतली बाई रोज चार वाजता खिडकीत येऊन उभी राहते. कुणाची वाट बघत असावी. कुणी येत नाही. मी तिला हात केला, तर ती आत गेली.

२० जून

मास्तरांचे दहा तास झाले. एकदा कडेच्या दगडावर चाक चढवलं, एकदा हिरव्यालाच थांबले. मास्तर म्हणाले, "लाल तोडण्यापेक्षा हिरव्याला थांबणारा बरा." त्यांच्याकडून एवढं म्हणजे हारतुरेच.

आता वीस तास, आणि दादाचं अजून 'बघू'च चाललंय.

३ जुलै

दादा आला!! सकाळी नऊला दारात. ह्यांच्या गाडीवरचं कव्हर काढलं. धूळ इतकी की दोघं शिंकतच सुटलो. बॅटरी मेलेली, मेकॅनिकला बोलावलं. मग मी डाव्या-उजव्याचा विचार करत स्टिअरिंगला बसले आणि दादा शेजारी. त्यानं पट्टा बांधला आणि वरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. मी म्हटलं, अजून गाडी सुरूपण केली नाही रे!

एक तास. पाण्याच्या टाकीवरून बाजार, शाळा, परत. वहीत सही केली. सही रेघ सोडून वर गेली. मी हसले, म्हटलं घाबरून हात कापतोय ना? म्हणाला, हो.

१० जुलै

तीन तास झाले. दादा नेहमी त्याच रस्त्यानं न्यायला लावतो. मी म्हटलं, कंटाळा आला, नदीकडून जाऊ. "नको. पाया पक्का होऊ दे." मास्तर याचे शिष्य शोभले असते.

पण गप्पा काय मारतो! दहावीत मी त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायचे. पुढचं काही न दिसता खड्ड्यांवर ओरडायचे, ते सगळं त्यानं पुन्हा रंगवून सांगितलं. मी इतकी हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. संध्याकाळी घर फार मोठं वाटलं.

३० जुलै

आठ तास. बाकी आठवड्यात काही नाही. दादा येतो तो दिवस सोडून वहीत लिहायला काही नसतं. नळ गळतो. दुरुस्त करणार होते, मग वाटलं, गळू दे, आवाज तरी आहे.

२१ ऑगस्ट

आज जे बघितलं ते लिहू की नको?

तेरावा तास झाला. खांदावाल्या काकूंकडे थांबलो. काकूंचा हात गरम पाण्याच्या पिशवीत ठेवून मी खिडकीशी उभी राहिले, मास्तरांचा गृहपाठ करावा म्हणून. पकड, सोड. रस्त्यापलीकडे बाकावर दादा पेपर वाचत बसला होता. दुर्बिणीत पकडला.

त्याचं तोंड पेपराकडे नव्हतं. हनुवटी डाव्या खांद्याकडे वळवलेली, डोळे वर आभाळात कुठेतरी, आणि पेपर तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून सरकवत होता. मधेच पेपर नाकाशी आणला. मग घडी घालून ठेवून दिला.

हे कुणी मुद्दाम करत नाही. हे मला शिकायला दोन वर्षं लागली होती. वर्गात बाई ओरडायच्या, "खिडकीबाहेर काय बघतेस?" मी फळा बघत असायचे.

माझ्यापुढे कुणी चेहरा सांभाळत नाही. हिला काय दिसतंय, असं सगळ्यांना वाटतं. दादालाही.

डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, भावाचेही तपासा, हा आजार घरात फिरतो, उशिराही उगवतो. दादा तेव्हा हसला होता.

२२ ऑगस्ट

झोप नाही. हिशेब सोपा आहे. मी बोलले तर तेरा तास बाद, फॉर्म पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर माझ्या दोन्ही कंबरा आणि काकू दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. नाही बोलले तर हा माणूस त्याची स्वतःची गाडी घेऊन घाटाखालून इथवर येतो, परत जातो. माझी गल्ली चिंचोळी, म्हणून ती कुठेतरी लावून चालत येतो. मी ती इतक्या दिवसांत एकदाही बघितली नाही. वाटेत शाळा आहेत दोन!

पेशंट मला म्हणतात, "हो हो, रोज व्यायाम केला." मी सांध्याला हात लावला की खोटं कळतं, आणि मी चांगली झापते त्यांना. मला कोण झापणार?

२८ ऑगस्ट

बोलले नाही. चौदावा तास. एका चौकात विचारलं, "दादा, सिग्नल कुठला आहे रे?" "तूच सांग. परीक्षा तुझी आहे." हसला. मी पण हसले. लाल होता. थांबले.

मी एक नंबरची स्वार्थी बाई आहे.

निघताना म्हटलं, राहा ना आज, उद्या जा. "वहिनी वाट बघेल." चारलाच निघाला. मी सातला वहिनीला फोन करून पोचला का विचारलं. पोचला. आता दर वेळी हेच करायचं. पोचल्याचं कळेपर्यंत जेवायला बसले नाही.

१८ सप्टेंबर

वीस पूर्ण. शेवटची सही त्यानं खूप वेळ घेऊन केली, रेघेवर. मी त्याचं बोट धरून रेघेवर ठेवलं होतं. मला वाटलं, आता बोलेल. मग वाटलं, आता मी बोलेन. मी चहा टाकला.

३ ऑक्टोबर

परीक्षा. परीक्षक बाई दुर्बीण बघून म्हणाल्या, "हे पडणार नाही ना?" मी म्हटलं, मी पडेन, हे नाही पडणार.

नवा रस्ता, कधीच न गेलेला. पाट्या सगळ्या पकडल्या. चिमटीनं. एका वळणावर चेंडू आला, साध्या भिंगाच्या कडेनं दिसला. थांबले. मागे चेंडूवाली पोर आलीच. बाई कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. घाम माझ्या पाठीवर.

पास!

मास्तरांना फोन केला. त्यांनी घसा साफ केला. दादाला केला. तो म्हणाला, "चिंगे, हँडल सोडलं बघ मी आता."

त्यानंतर आणखी कुणाला सांगावं ते सुचेना. समोरच्या खिडकीत चार वाजता ती बाई आली. तिला पास झाल्याचा कागद दाखवला. लांबून तिला काय कळणार!

१७ ऑक्टोबर

परवाना छापून आला. मागे बारीक अक्षरात अटी. पुढे माझा फोटो, दुर्बिणीसकट, घुबडासारखा.

आता सबब उरली नाही. रविवारी दादाकडे जायचं, आतल्या रस्त्यानं. वाक्य पाठ करतेय: "दादा, किल्ली दे. तुला दिसत नाही, मला माहीत आहे. ऑगस्टपासून माहीत आहे, मी लबाडी केली. हवं तेवढं बोल मला, पण किल्ली दे." तीनदा आरशासमोर म्हटलं. तिसऱ्यांदाही आवाज फाटला. तो मला माफ करेल की नाही माहीत नाही. नाही केलं तर महिन्यातून चार दिवस दारात येणारं एकमेव माणूसही गेलं. पण त्या दोन शाळा डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

१९ ऑक्टोबर

गेले. पन्नास मिनिटं, एकटी. वहिनीनं दार उघडलं. मी विचारलं, दादा गाडी घेऊन गेलाय का? म्हणाली, "कुठली गाडी? जूनमध्येच विकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बंद म्हणून सांगितलं, त्याच आठवड्यात. तुझ्याकडे दोन बस बदलून यायचे. तुला कळलं तर तू तास घ्यायची नाहीस, म्हणून मला शपथ घातली."

जून! पहिली सही जुलैतली आहे.

मूर्ख माणूस. मूर्ख, मूर्ख!

सोमवारी वही घेऊन ऑफिसात जाणार. परवाना काढून घेतील. घेऊ देत, मास्तरांबरोबर पुन्हा करीन.

वीसच्या वीस तास त्या गाडीत रस्ता बघणारी मी एकटीच होते. आणि वर्षभरात तेवढेच वीस तास मला एकटं वाटलं नाही.