धानाची पोती आणि तुमचा आवाज

गुरुजी, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आज नातीच्या शाळेच्या नव्या सभागृहात बसले तेव्हा तुमची फार आठवण आली. बोलणारा मुलगा चांगला होता, पण कोऱ्या भिंतींवरून त्याचा शब्द परत यायचा आणि पुढच्या शब्दावर पडायचा. शेजारची बाई म्हणाली, ‘याले बोलताच नाई येत.’ मी भिंतींकडे बघत राहिले.

वडशाला मी शिकवायला आले तेव्हा शाळेला खोल्या कमी होत्या, म्हणून आपल्या दोघांचा वर्ग एका व्यापाऱ्याच्या कोठारात भरायचा. वर टिन, खाली फरशी, आणि तीन भिंतींना वरपर्यंत धानाची पोती. मी नवखी, घसा फोडून शिकवायची. एकदा तुम्ही दारात उभं राहून ऐकलंत आणि मुलांदेखत म्हणालात, ‘बाई, काऊन वरडता? हळू सांगा, पोट्टे कान देतात.’ असा राग आला होता मला! पण तुम्ही खालच्या आवाजात गोष्ट वाचता आहात आणि मागच्या रांगेतली पोरगीसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकते आहे, हे मी रोज बघायची, आणि गुपचूप तुमच्यासारखं वाचायला शिकत होते.

मग तपासणीचे साहेब येणार असं कळलं. तुम्ही दोन दिवस गावी गेला होतात. वर्ग वर्गासारखा दिसावा असं माझ्या डोक्यात आलं. व्यापाऱ्याच्या हातापाया पडून मी सगळी पोती हलवून घेतली, भिंतींना चुना मारून घेतला. परतल्यावर तुम्ही खूश झालात आणि त्या व्यापाऱ्याचेच आभार मानलेत. मीही काही बोलले नाही.

साहेबांसमोर तुम्ही शुद्धलेखन घालायला लागलात आणि पाट्या कोऱ्याच राहिल्या. ‘गुरुजी, काईच समजून नाई राह्यलं,’ पोरं म्हणाली. तुम्ही आवाज चढवलात, तसा खोलीत नुसता घुमारा वाढला. वर्गात ओरडताना मी तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. शिक्षकाचा आवाज वर्गाला पोचत नाही, असा शेरा पडला. साहेब गेल्यावर तुम्ही तांब्याभर पाणी प्यायलात आणि म्हणालात, ‘माहा गळाच गेला, बाई.’ महिन्याभरात तुम्ही नोकरी सोडून गावी गेलात.

पुढच्या हंगामात नवं धान आलं आणि पोती पुन्हा भिंतींना लागली. दुसऱ्या दिवशी मी सवयीने हळूच वाचायला घेतलं, तर मागची पोरगी हसली. शब्द तिच्यापर्यंत पोचला होता, घुमारा पोत्यांनी गिळला होता. मला तिथेच सगळं कळलं, आणि हातातलं पुस्तक मिटून मी खाली बसले.

तुमचं गाव तिथून दोन कोसांवर. पण तुमचा गळा नाही, खोली बिघडली होती हे सांगायचं, तर ती कोणी बिघडवली हेही सांगावं लागलं असतं. तुमची मुलगी बाजारात भेटली की म्हणायची, ‘बाबा नातवाईलेही गोष्ट वाचून नाई दाखवत. म्हणते, आवाज नाई राह्यला.’ मी तिला ज्येष्ठमध द्यायला सांगायची. माझीच मला लाज वाटते, गुरुजी.

तुमचा आवाज चांगला होता. पोती मी हलवली होती. एवढंच सांगायला मला दोन कोस चालायचं होतं, आणि तुम्ही त्यानंतर अकरा वर्षं जगलात.